एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे: एक खुलासा

सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं. घरात पुस्तकं होती? एक पाऊल पुढे. पैशाअभावी शिक्षण सुटलं? एक पाऊल मागे. सामाजिक विशेषाधिकार, म्हणजे समाजातल्या स्थानामुळे आयते मिळणारे फायदे, समजावणारा हा खेळ पेगी मॅकिंटॉश यांच्या नावावर सर्रास खपवला जातो. ते खरं नाही. अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजच्या मॅकिंटॉश यांनी १९८८ साली एक निबंध लिहिला. गोरेपणामुळे आपल्याला न मागता काय काय मिळतं, याची स्वतःपुरती यादी त्यात होती. रांग नव्हती, पावलं नव्हती.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: पुढे उभ्या असलेल्यांना अपराधी वाटलं की काम झालं. मुळीच नाही! खाली मान घातलेला माणूस ऐकत नसतो, तो फक्त खेळ संपायची वाट पाहतो.

आणि मागे राहिलेल्यांचं काय? भिंतीला पाठ टेकलेली ती मुलगी बघा. समोर सगळ्यांच्या पाठी. परिस्थिती तिला आधीच ठाऊक होती; आता ती चारचौघांत उघडी पडली. इतरांच्या शिकण्याची किंमत तिनं का मोजावी?

युरोप परिषदेच्या ‘कंपास’ या मानवी हक्क शिक्षणाच्या पुस्तिकेत पावलांचाच खेळ आहे, पण प्रत्येकाला एका काल्पनिक व्यक्तीची ओळख लिहिलेली चिठ्ठी मिळते. पाऊल त्या व्यक्तीच्या वतीनं टाकायचं. स्वतःचं काहीच उघड करावं लागत नाही. मग गप्पांना भरपूर वेळ ठेवावा, कारण खरं शिकणं तिथंच होतं.