पीसीआर जुळत नाही तेव्हा

लॅपटॉप सुरू केला आणि नेहमीच्या पडद्याऐवजी निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, की पोटात गोळा येतो. कुणी घुसलं की काय? बहुतेक वेळा तसं काही नसतं. टीपीएम या सुरक्षा चिपमधला आकडा अपेक्षित आकड्याशी जुळलेला नसतो, एवढंच.

हा आकडा बनतो कसा ते आधी पाहू. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याच्या हाती सूत्रं देण्याआधी त्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, चिपकडे सोपवतो. चिपमध्ये पीसीआर नावाची २४ रजिस्टर असतात. त्यांत थेट काही लिहिता येत नाही. जुना आकडा आणि नवा हॅश एकापुढे एक ठेवून त्या जोडीचा पुन्हा हॅश काढायचा, एवढीच मुभा. त्यामुळे एक बाइट बदलला किंवा दोन नोंदींचा नुसता क्रम उलटला, तरी शेवटचा आकडा पार वेगळा येतो. पहिली सोळा रजिस्टर तर यंत्र नव्याने सुरू झाल्याशिवाय कोरी होत नाहीत. चिप म्हणजे नोंदणी कारकून; बरं-वाईट ठरवणं तिचं काम नाही.

मग काय बदललं हे कळायचं कुठून? फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सर्वांत आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर, प्रत्येक नोंदीची यादी साध्या मेमरीत ठेवतं, तिला इव्हेंट लॉग म्हणतात. लिनक्सवर टीपीएम२-टूल्स या संचातून लॉग आणि पीसीआर दोन्ही वाचता येतात. साध्या मेमरीतला लॉग कुणीही बदलू शकेल, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्यायची: त्यातले हॅश पहिल्यापासून क्रमाने जोडत जायचे आणि येणारा आकडा चिपशी ताडून पाहायचा.

जुळला तर अर्धं काम झालं. चांगल्या दिवसाचा लॉग शेजारी ठेवा. जिथे पहिला फरक दिसेल तिथे कारण सापडतं. पीसीआर ० बदलला तर फर्मवेअर, ४ बदलला तर बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), ५ मध्ये डिस्कच्या विभागणीचा तक्ता, ७ मध्ये सिक्युअर बूटची (फक्त मान्य सहीचा कोड चालू देणारी सोय) स्थिती आणि चाव्या. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रांवर बिटलॉकर सहसा ७ आणि ११ वरच विसंबतो. निवड शहाणपणाची आहे: सात नंबर कोणता कोड चालला यापेक्षा तो कोणाच्या सहीने चालला हे पाहतो, त्यामुळे दर अपडेटला कुलूप अडत नाही. पण रद्द केलेल्या सह्यांची यादी अद्ययावत झाली, की तोही बदलतो.

लॉग आणि चिपच एकमेकांशी जुळत नसतील, तर खरी डोकेदुखी. तरी लगेच घुसखोर शोधू नका. शा-१ आणि शा-२५६ या हॅश काढायच्या दोन पद्धती; त्यांचे रजिस्टरांचे संच चिपमध्ये वेगवेगळे असतात. एकाचा लॉग दुसऱ्याशी ताडला जातो आहे का, ते बघा. काही यंत्रांवर पीसीआर ० शून्यापासून नव्हे, तर शेवटच्या बाइटमध्ये ३ ठेवून सुरू होतो. तसं सांगणारी नोंद लॉगमध्ये असते, पण तिचा स्वतःचा हॅश कधीच जोडला जात नाही. आणि बूटलोडरने लॉग उचलल्यानंतरच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात जातात. त्या सुटल्या तर हिशेब कधीच लागायचा नाही.

कारण कळायच्या आत नव्या आकड्यावर कुलूप पुन्हा बांधून मोकळं व्हायचं, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. त्याने आत्ता जी स्थिती असेल, ती चांगली असो वा वाईट, तीच पक्की होते. आधी लॉगची प्रत काढा. विंडोज असे लॉग आपल्या लॉग्ज फोल्डरमधल्या 'मेजर्डबूट'मध्ये साठवतं, लिनक्सवर मात्र रीस्टार्टनंतर जुना लॉग गेला.

उलटी फसगतही होते. २०२१ मध्ये गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी दाखवलं, की मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ या टॅबलेटच्या बायोसच्या (फर्मवेअरच्या) काही आवृत्त्या शा-२५६ चा संच चालू ठेवत, पण त्यात काहीच नोंदवत नसत. कोऱ्या रजिस्टरमध्ये हल्लेखोर हव्या त्या नोंदी भरू शके आणि त्यांच्याशी जुळणारा लॉगही पुढे करू शके. तिथे हिशेब शेवटच्या बाइटपर्यंत जुळे. त्यामुळे चालू असलेल्या संचात ० ते ७ क्रमांकांवर नुसती शून्यं दिसली, तर आधी फर्मवेअरवर संशय घ्यावा.