बीबीसी मायक्रोला ‘खास’ टेपरेकॉर्डर लागत नाही
१९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून भारतीय शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाविषयी आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत आजही सांगितले जाते की, त्याच्या प्रोग्रॅम साठवलेल्या कॅसेटी कंपनीच्या खास यंत्रावरच चालतात. हे खरे नाही. संगणकाची माहिती शून्य आणि एक या अंकांत असते; शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तने, एवढाच ध्वनी त्या फितीवर असतो. त्यामुळे भजनाच्या कॅसेटी वाजवणारा साधा टेपरेकॉर्डरही, योग्य वायर जोडल्यास, पुरेसा होतो. अडचण येते ती बहुधा आवाजाच्या पातळीची किंवा फीत वाचणाऱ्या, धुळीने माखलेल्या हेडची. पडद्यावर ‘डेटा?’ अशी सूचना उमटली, की फीत थोडी मागे घेऊन तोच भाग पुन्हा वाजवावा. संगणकच बिघडला असे समजून तो भंगारात देण्याची घाई (आमच्याकडे ती फार) करू नये.