मक्यावरचे शुल्क जे वसूलच झाले नाही: मुक्त व्यापार करार आणि छोटा शेतकरी

मुक्त व्यापार करारांनी छोट्या शेतकऱ्याचे काय केले, यावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजू मेक्सिकोच्या मक्याचा दाखला देतात. त्यामुळे तिथे नेमके काय घडले हे नीट पाहायला हवे.

१९४७ पासूनच्या जागतिक व्यापार वाटाघाटींत शेती बराच काळ बाजूला ठेवली गेली होती. श्रीमंत देशांना तेच सोयीचे होते. अमेरिकेने १९५५ मध्ये आपल्या शेतमालासाठी नियमांतून खास सूटही मिळवली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या उरुग्वे फेरीत शेती नियमांच्या चौकटीत आली, पण श्रीमंत देशांची अनुदाने नावे बदलून बव्हंशी टिकली.

मेक्सिकोत तयारी आधीच झाली होती. क्रांतीनंतर गावांना मिळालेली सामुदायिक जमीन विकता येत नसे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ती खासगी करण्याची वाट मोकळी झाली. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्याच दिवशी दक्षिणेकडच्या चियापास राज्यात आदिवासी शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव केला. जमीन आणि हा करार, दोन्ही त्यांच्या तक्रारींत होते.

करारात मका हे सर्वांत नाजूक पीक मानले होते. अमेरिकेतून वर्षाला २५ लाख टन मका शुल्काशिवाय येणार, हा कोटा दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणार आणि त्यावरच्या मालाला सुरुवातीला २०० टक्क्यांहून जास्त शुल्क लागणार, असे ठरले. ते शुल्क उतरत उतरत २००८ मध्ये शून्यावर यायचे होते. कोरडवाहू शेतकऱ्याला सावरायला, पीक बदलायला पंधरा वर्षे मिळतील, हे आश्वासन त्यामागे होते.

ती पंधरा वर्षे मिळालीच नाहीत. कोट्यापलीकडचा मका येत राहिला आणि मेक्सिकोच्या सरकारने त्यावरचे शुल्क जवळजवळ वसूलच केले नाही. १९९६ मध्ये आयात कोट्याच्या दुपटीपुढे गेली. हे अमेरिकेने लादले नव्हते. शुल्क घेण्याचा पूर्ण हक्क करारानेच दिला होता. सरकारची कारणे अशी: १९९४ च्या डिसेंबरात चलन कोसळून महागाई भडकली होती, दुष्काळ होता, शहरांत अन्न आणि पशुखाद्य स्वस्त ठेवायचे होते. शिवाय अमेरिकेतून येतो तो मुख्यतः पिवळा मका, जनावरांचा. माणसे खातात तो पांढरा, तेव्हा शेतकऱ्याला झळ बसणार नाही, असेही सांगितले गेले.

हा शेवटचा युक्तिवाद मला पटत नाही. स्वस्त पिवळा मका दारात आला की पशुखाद्याचे गिऱ्हाईक पांढऱ्याकडे फिरकत नाही आणि पांढऱ्याचा भावही दबतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, महागाई वजा जाता, मक्याचा भाव निम्म्याहून खाली गेला. खाणाऱ्यालाही फायदा पोचला नाही. धान्य खरेदी करणारी सरकारी यंत्रणा १९९९ मध्ये बंद झाली, तोर्तिया या मक्याच्या रोजच्या भाकरीवरचे भावनियंत्रणही उठले. मक्याचा भाव पडत असताना तोर्तिया महागत गेली.

तरीही मेक्सिकोतले मक्याचे उत्पादन घटले नाही, उलट वाढले, आणि कराराचे समर्थक हा आकडा आवर्जून पुढे करतात. वाढ मुख्यतः सिनालोआसारख्या राज्यांतल्या मोठ्या बागायती शेतांतून आली. ओआखाका, चियापासच्या डोंगरउतारावर मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावणारा, हेक्टरी दोन टनांच्या आसपास पिकवणारा शेतकरी बाजारातून हटला, पण पेरत राहिला. तो मका घरी चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, थापून खाल्ला जातो. भाव पडला म्हणून ते थांबत नाही. पेरणीचा खर्च मात्र उत्तरेकडे, अमेरिकेत कामाला गेलेल्या मुलाच्या पैशातून निघू लागला. १९९३ च्या अखेरीस शेतीत ८१ लाख लोक काम करत होते, २००२ च्या अखेरीस ६८ लाख उरले. गावात म्हातारी माणसे आणि बायका मागे राहिल्या. दर हेक्टरी थेट रक्कम देणारी सरकारी योजना होती, पण जमीन जास्त तर रक्कम जास्त, हा तिचा हिशोब होता.

टोमॅटो, अ‍ॅव्होकॅडो, बेरी यांची निर्यात खूप वाढली, त्यातून मजुरी मिळाली. पण पाणी आणि भांडवल ज्यांच्याकडे, त्यांनाच ती शेती परवडली.

२००७ च्या सुरुवातीला अमेरिकेत मका इथेनॉलकडे वळल्याने भाव चढले आणि तोर्तियासाठी मेक्सिको सिटीत मोर्चे निघाले. पुढच्या जानेवारीत उरलेले शुल्क संपले, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन शेतकरी राजधानीत आले. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला, शेतमालाचा शुल्कमुक्त व्यापार तसाच राहिला. वाद आता बियाण्याकडे सरकला. तोर्तियासाठी जनुकीय बदल केलेला मका वापरू नये, हा मेक्सिकोचा २०२३ चा आदेश वाद-निवारण मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये कराराविरुद्ध ठरवला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. २०२५ मध्ये मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेत घातली. आयात मात्र चालूच आहे.