तेरा गाठींचा दोर आणि एक नवाकोरा जुना किल्ला

सारख्या अंतरावर तेरा गाठी मारलेला एक दोर घ्या. गाठींच्या मधे बारा भाग होतात. तिघांनी मिळून तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणला की जमिनीवर बिनचूक काटकोन पडतो. फ्रान्सच्या बर्गंडी भागात, त्रेन्यी गावाजवळच्या जंगलात १९९७ पासून गेदलाँ नावाचा किल्ला उभा राहतोय. त्याची आखणी अशाच दोराने होते. तिथे टेप नाही, विजेवरची क्रेन नाही, सिमेंटचं तर नावच नको.

मिशेल ग्युयो यांच्याकडे जवळच सँ-फार्जोचा जुना वाडा होता. १९९५ च्या सुमारास त्याची पाहणी झाली, तेव्हा विटांच्या भिंतींआड मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष सापडले. तो पुन्हा बांधता आला तर काय बहार येईल, असं अहवालात शेवटी म्हटलं होतं. अहवालातली असली वाक्यं सहसा फायलीतच राहतात. ग्युयो आणि मारिलीन मार्ताँ यांनी मात्र ते मनावर घेतलं. जुन्याऐवजी नवाच किल्ला बांधायचा ठरला, आणि त्याला जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या खाणीची: दगड पायाखाली, ओक भोवताली, माती, वाळू आणि पाणी हाकेच्या अंतरावर. बांधकामाचं कल्पित साल ठरलं १२२८, आणि कल्पित मालक गिल्बेर नावाचा एक लहानसा सरदार. त्याच्या ऐपतीबाहेरचं काही बांधायचं नाही, आणि त्या काळी ठाऊक नव्हतं ते वापरायचं नाही. सुरक्षा-बूट आणि डोळ्यांवरचे चष्मे तेवढे आजचे, कारण आजचा कायदा गिल्बेरला ओळखत नाही.

नकाशा मात्र कल्पनेतला नाही. राजा दुसरा फिलिप (कारकीर्द ११८० ते १२२३) याच्या काळात फ्रान्समध्ये किल्ल्यांचा जवळजवळ एक ठरीव साचाच तयार झाला: चौकोनी तट, कोपऱ्यांवर गोल बुरूज, दाराच्या दोन्ही अंगांना जोडबुरूज आणि एक बुरूज बाकीच्यांपेक्षा थोरला. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाखाली आजही त्याच्या किल्ल्याचा पाया बघता येतो. गोल बुरुजाचा फायदा सरळ आहे. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याआड शत्रू लपू शकतो, आणि कोपऱ्याचे दगड उखडणंही सोपं. गोलाला कोपराच नसतो, आणि जंग्यांतून, म्हणजे भिंतीतल्या अरुंद फटींतून, बाण चारी दिशांना जातात.

कागदावर इतकं कळत होतं. पण दगड वर कसा गेला? जुन्या चित्रांत लाकडी चाकात चालणारा माणूस दिसतो, पिंजऱ्यातल्या खारीसारखा. गेदलाँला तसंच चाक बनवलं. माणूस चाकात अगदी तळाशी उभा असेल तर काहीच होत नाही. तो एकेक पाऊल पुढे चढतो, तसतसं त्याचं वजन आसापासून बाजूला सरकतं आणि चाक फिरू लागतं. समजा चाकाची त्रिज्या आसाच्या आठपट आहे आणि माणूस त्रिज्येच्या निम्म्याइतका बाजूला आहे. मग घर्षण सोडलं तर त्याच्या वजनाच्या चौपट भार उचलला जातो. दोघे चालले की साधारण ५०० किलोचा दगड डुलत वर निघतो.

चुन्याची गोष्ट आपल्याला जवळची, आपल्या कितीतरी गडांवर चुन्याचा घाणा अजून दिसतो. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो फसफसून, तापून विरतो. मग त्यात वाळू कालवायची. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला तोच वायू पुन्हा हळूहळू ओढून घेतो आणि परत चुनखडी होतो. पण जाड भिंतीच्या गाभ्यात हवा कितीशी पोचणार? तिथलं घट्ट होणं वर्षानुवर्षं चालतं. म्हणून भिंत भराभर चढवून चालत नाही, आणि हिवाळ्यात काम बंद. ओला चुना गोठला तर त्यातलं पाणी फुगून तो भुसभुशीत होतो. पाहुणे विचारतात, इतकी वर्षं का लागतात? माझ्या मते निम्मं उत्तर या चुन्यातच आहे.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या छपराची जुनी ओकची चौकट जळाली. ती पुन्हा जुन्याच रीतीने, ओल्या ओकचे वासे कुऱ्हाडीने घडवून बांधायची ठरली. लाकूड रेषेरेषेने, धाग्याच्या कलाने तासणारे हात शोधताना गेदलाँला शिकलेले सुतारही त्या कामावर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. त्या वाशांवर कुऱ्हाडीचे घाव अजून आहेत. खाली उभं राहून मान वर केली तरी ते दिसत नाहीत, मधे दगडी कमानींचं छत आहे.