भाडेकरार, आधारची झेरॉक्स आणि अंगठा

घोडबंदर रोडला किंवा नेरुळला घर भाड्याने घेताना आधारची प्रत किती जणांकडे जाते ते मोजून पाहा. एजंट, घरमालक, सोसायटीचं ऑफिस, पोलीस पडताळणीचा फॉर्म. शिवाय स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला, कारण प्रिंटसाठी फाइल त्याच्याच व्हॉट्सॲपवर टाकलेली असते आणि ती तिथून कुणी पुसत नाही.

ही सवय रेशनकार्डाच्या काळातली. पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड नाहीतर लाइटबिल पुढे करायचं. त्यावरच्या नंबराने कुणाच्या खात्यातून पैसे निघत नव्हते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं वाटली गेली आणि आपण त्यांना नवं रेशनकार्डच समजलो. पण आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर मायक्रो-एटीएममधून, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडच्या छोट्या यंत्रातून, रक्कम काढता येते, ओटीपीशिवाय. ठसे उमटलेले जुने दस्त आणि आधारच्या प्रती एकाच हाती पडल्या, की सिलिकॉनचा नकली अंगठा करून पैसे काढण्याचे प्रकार देशात घडले आहेत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी खासगी कंपन्यांच्या आधारसक्तीला चाप बसला. गेटवरचा आणि एजंटचा आग्रह मात्र तसाच राहिला. त्यांना द्यायला मास्क्ड आधार पुरतं: मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा, डाउनलोड करताना ‘मास्क्ड’च्या चौकटीत टिक करा. पहिले आठ अंक झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तो ओळखीचा कुणीही सांगेल. त्यामुळे फाइलला पासवर्ड आहे म्हणून पूर्ण क्रमांकाची प्रत पाठवून निर्धास्त होऊ नये.

आमच्या मते त्याहून मोलाचं आहे बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारला जोडलेले बोटांचे ठसे कुणालाच वापरता येऊ नयेत म्हणून लावायचं कुलूप. ते त्याच पोर्टलवर किंवा आधारच्या ॲपमध्ये लावता येतं. अडचण करारनोंदणीच्या दिवशी येते. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि ऑनलाइन नोंदणीत घरमालक, भाडेकरू, दोन साक्षीदार अशा सगळ्यांचे अंगठे लागतात. लॉक असेल तर ३३० क्रमांकाची एरर येते आणि एजंट मशीनला दोष देत बसतो. तात्पुरतं अनलॉक दहाच मिनिटं टिकतं, म्हणून ज्याने त्याने आपली पाळी आली की मगच ते उघडावं. त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद झाला असेल, तर आधी नवा जोडून घ्यावा लागतो.