देवळालीचा 'मिलिटरी गॉगल' खरंच महायुद्धातला असतो का? जुन्या गॉगलवरच्या खुणांमागचा इतिहास

आपल्याकडे उन्हाच्या चष्म्याला कोणी सनग्लासेस म्हणत नाही, सरळ गॉगल म्हणतात, आणि हा शब्द चुकीचा आहे असं कोणी सांगितलं तर मला तरी ते पटत नाही. गॉगल म्हणजे मुळात विमान चालवताना घालायचा तो जाड, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, आणि आज आपण ज्याला एव्हिएटर म्हणतो तो त्याचीच जागा घ्यायला आला, म्हणजे आपल्या शब्दात या वस्तूचा अर्धा इतिहास आधीच आहे.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की हमखास एक वाक्य ऐकू येतं. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एखाद्या पथारीवर धातूच्या फ्रेमचा, थेंबासारख्या काचांचा गॉगल दिसला आणि किंमत विचारली की समोरचा म्हणतो, "मिलिटरीचा आहे साहेब, महायुद्धातला." असं म्हणायला कारणही आहे, कारण एका बाजूला देवळाली कॅम्प, ब्रिटिशांच्या काळापासूनची छावणी, नंतर तोफखान्याचं शिक्षण तिथेच, आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा एचएएलचा कारखाना, १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला. त्यामुळे इथल्या कित्येक घरात कोणीतरी फौजेत किंवा विमानाच्या कामात होतंच, आणि घरात जुना गॉगल सापडला की तो लढाईतलाच असणार असं आपण धरून चालतो. पण गॉगलवर त्याची जन्मतारीख कुठे ना कुठे लिहिलेली असते, फक्त ती वाचायची तर ती खूण तिथे का आली हे माहीत पाहिजे.

फार मागचं थोडक्यात सांगतो. जुन्या चीनमध्ये धुरकट स्फटिकाच्या चपट्या काचा वापरायचे, न्यायाधीशांनी चेहऱ्यावरचे भाव लपवायला त्या लावल्याचंही सांगतात. १७५२ च्या सुमाराला लंडनच्या जेम्स आयस्कॉ यांनी रंगीत काचांचे चष्मे केले, पण ते उन्हासाठी नव्हतेच, नजरेसाठी होते. डोळ्याला घातक किरण अडवायचे हा विचार विल्यम क्रूक्स यांनी १९१३ च्या सुमाराला नीट मांडला, भट्टीसमोर काम करणाऱ्या काच कामगारांना मोतीबिंदू व्हायचा म्हणून त्यांनी सेरियम घातलेली काच शोधली. जुने चष्मेवाले 'क्रूक्स काच' म्हणतात ना, ती हीच.

सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यावर गॉगल आला तो मात्र कंगव्यामुळे, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. अमेरिकेत सॅम फॉस्टर यांचा कंगवे आणि केसांच्या पिना बनवायचा धंदा होता. बायकांनी केस कापून आखूड ठेवायला सुरुवात केली, धंदा बसला, मग त्याच प्लास्टिकचे त्यांनी स्वस्त गॉगल काढले आणि १९२९ मध्ये अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनारी विकायला ठेवले. त्या सुरुवातीच्या काळातलं कंगव्याचं आणि फ्रेमचं प्लास्टिक म्हणजे बऱ्याचदा सेल्युलॉइड, आणि ते ओळखायची युक्ती आपल्या देवघरातच आहे. सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात, त्यामुळे फ्रेमची काडी अंगठ्याने चांगली गरम होईपर्यंत चोळली आणि नाकाजवळ नेली तर कापराचा मंद वास येतो. पुढे त्याची जागा अॅसिटेटने घेतली, ते खूप जुनं होऊन खराब व्हायला लागलं की व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर चुकूनही करू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

आता विमानाकडे. २७ फेब्रुवारी १९२० ला अमेरिकेत रुडॉल्फ श्रोडर नावाचा वैमानिक उघड्या विमानातून ३३ हजार फुटांच्या वर गेला, तिथे त्याने गॉगल वर सरकवला आणि त्या थंडीत त्याचे डोळेच गोठले, तशाच अवस्थेत त्याने विमान खाली आणलं. पुढच्याच वर्षी त्याच्याहून वर जाणाऱ्या जॉन मॅक्रेडीचं नाव वैमानिकांसाठी नवीन चष्मा हवा या मागणीशी जोडलं जातं. रॉचेस्टरच्या बॉश अँड लॉम्ब या १८५३ पासून चालत आलेल्या कंपनीने १९३६ मध्ये 'अँटी-ग्लेअर' म्हणून हिरव्या काचेचा चष्मा काढला आणि १९३७ पासून तो रे-बॅन झाला, रे म्हणजे किरण, बॅन म्हणजे बंदी. काच थेंबाच्या आकाराची आणि खाली उतरलेली, कारण वैमानिक सारखा खाली काट्यांकडे बघतो आणि तिकडूनही चमक डोळ्यात जायला नको.

मग महायुद्धातला खरा गॉगल कसा होता? अमेरिकन लष्कर आणि नौदलासाठी एएन६५३१ नावाच्या नमुन्याचे गॉगल बऱ्याच कंपन्यांनी बनवून दिले, पण ते सरकारी पुरवठ्याचे, त्यावर दुकानातल्यासारखं ब्रँडचं नाव मिरवलेलं नसायचं. आणि ते अमेरिकेचे, आपली देवळाली ब्रिटिशांची. त्यामुळे काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात रे-बॅन लिहिलेला गॉगल कोणी महायुद्धातला म्हणून विकत असेल तर तिथेच थांबायचं, कारण काचेवर ते नाव १९८० च्या दशकात यायला लागलं.

बाकी खुणा अशा. दुकानात विकल्या जाणाऱ्या जुन्या फ्रेमवर नाकाच्या पट्टीवर किंवा काडीवर '१/१० १२के जीएफ' असा ठसा असतो. जीएफ म्हणजे गोल्ड फिल्ड, हा मुलामा नव्हे. आपल्या सराफ बाजारात कोणीही सांगेल की मुलामा म्हणजे नुसता रंगासारखा थर, इथे मात्र साध्या धातूवर १२ कॅरेट सोन्याचा पत्रा दाबून चढवलाय आणि वजनाचा दहावा भाग ते सोनं आहे. पुढे हाच ठसा '१/३० १०के' झाला, म्हणजे सोनं पातळ झालं आणि कॅरेटही उतरलं, तेव्हा ठशातला आकडा बघूनच जुनी फ्रेम कोणती आणि नंतरची कोणती याचा अंदाज बांधता येतो. '५८' आणि '१४' च्या मध्ये छोटा चौकोन असेल तर ५८ मिलीमीटर काचेची रुंदी आणि १४ नाकावरचं अंतर. काचेचा रंगही बोलतो, जी-१५ नावाची करडी-हिरवी काच १९५३ ची, फक्त १५ टक्के प्रकाश आत सोडणारी, आणि त्याआधीची हिरवी तिच्यापेक्षा उघडच वेगळी दिसते. आणि १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बने रे-बॅन इटलीच्या लक्सोटिकाला ६४ कोटी डॉलरला विकलं, त्यामुळे काडीवर आरबी आणि पुढे चार आकडे असतील, काचेवर कोरलेलं आरबी असेल, तर तो गॉगल त्यानंतरचा. सीई असा युरोपचा शिक्का असेल तर १९९० च्या आधीचा विषयच नको.

यातून माझा एक नियम ठरलाय. गॉगलवरची सगळ्यात नवी खूण धरायची, सगळ्यात जुनी नाही. फ्रेम जुनी आणि काच नवी असं आपल्याकडे सर्रास असतं, काडी एका गॉगलची आणि पुढचा भाग दुसऱ्याचा असंही असतं, तेव्हा प्रत्येक तुकडा वेगळा वाचायचा.

मागच्या दिवाळीत पंचवटीत मामींकडे गेलो होतो तेव्हा त्यांनी कपाटातून चामड्याचं कव्हर काढून दिलं. "तुझ्या मामांच्या वडिलांचा आहे रे, ते देवळालीला साहेबाकडे होते ना, साहेबाने जाताना दिला." मी गॅलरीत उन्हात गेलो, काच तिरपी धरली, भिंग लावलं, पाच मिनिटं काहीच दिसेना. मग बिजागरीकडच्या कडेला, काचेच्या अगदी काठावर, मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक 'बीएल', म्हणजे बॉश अँड लॉम्ब, कोरलेलं दिसलं. दोन्ही काचांवर. ही खूण १९७० च्या दशकातली आणि नंतरची, आणि काचेवर वर पांढरं नाव नव्हतं, म्हणजे १९८० च्या दशकात फार पुढे गेलेला नाही. साहेब तर १९४७ लाच गेले. मी मामींना सांगितलं तसं त्या जरा गप्प झाल्या, मला वाटलं वाईट वाटलं त्यांना. मग म्हणाल्या, "अरे थांब, ओझरला यांच्याबरोबर एक जण होता, तो नंतर मस्कतला गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा यांच्यासाठी काहीतरी घेऊन आला होता, आणि हे महिनाभर स्कूटरवर गॉगल घालूनच फिरत होते."

त्या काळात बाहेरून आणलेल्या अशा गॉगलला केवढी किंमत होती हे आज समजावून सांगावं लागतं. आयातीवर बंधनं होती, खरा रे-बॅन एक तर बाहेरून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत किंवा मुंबईत चोरीछुपे आलेल्या मालात, आणि नकली तर केव्हाही. १९९० च्या दशकात बॉश अँड लॉम्बने राजस्थानात भिवाडीला कारखाना काढला तेव्हा कुठे तो दुकानात बिलावर मिळायला लागला.

मामींच्या गॉगलचा एक स्क्रू पडला होता म्हणून मेनरोडला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने डाव्या काचेवरचा लांब ओरखडा बघितला आणि म्हणाला, "जोडी नवीन टाकून देतो, पाचशेत, एकदम क्लिअर दिसेल." मी नको म्हटलं. त्या काचा काढल्या तर बीएल गेलं, आणि मामी म्हणतात तो ओरखडा मामा द्वारका सर्कलला स्कूटरवरून पडले तेव्हाचा आहे. त्याने फक्त स्क्रू बसवून दिला, वीस रुपये घेतले, आणि गॉगल परत मामींच्या कपाटात आहे.