पाऊस पडतो तसा भाचा पडला

गेल्या महिन्यात आमचा भाचा दुबईला गेला आणि तिथे तेरा हजार फुटांवर, पाठीशी प्रशिक्षक बांधलेला असताना, विमानाच्या दारातून बाहेर पडला. उतरल्या उतरल्या त्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली एकच ओळ: 'गुरुत्वाकर्षणावर मात केली!'

पाच मिनिटांत सगळे गोळा झाले. ताईला काळजी, एवढ्या वाऱ्यात पोराचा श्वास कोंडला असेल. मेहुण्यांनी विचारलं, पॅराशूट उघडल्यावर तू वर कसा काय गेलास? गिरगावातल्या आत्याने व्हॉइस मेसेज पाठवला: "अरे, आमच्याकडे पॅराशूट म्हणजे खोबरेल तेलाची निळी बाटली. आणि अमावास्येला कसल्या उड्या मारतोस?"

मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे राहवलं नाही. मी लिहिलं की मात वगैरे काही झालेली नाही. चार किलोमीटर गुरुत्वाकर्षणच जिंकत होतं, हवेने फक्त तुला सांभाळून खाली आणलं. त्यावर दोन अंगठे आले. बाकीचं इथे लिहितो.

आधी 'फ्री फॉल' या शब्दाबद्दल. पॅराशूट उघडेपर्यंतच्या साधारण मिनिटभराला स्कायडायव्हिंगवाले फ्री फॉल म्हणतात. शाळेत आपण मुक्त पतन शिकलो ते हे नव्हे. मुक्त पतनात वस्तूवर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरं बळ नसतं, सरळ खाली पडताना वेग वाढतच जातो आणि पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवत नाही. अवकाश स्थानकातले अंतराळवीर खऱ्या अर्थाने मुक्त पतनात असतात. आमचा भाचा नव्हता. पोटावर पसरून पडणाऱ्या माणसाचा वेग दहा-बारा सेकंदांत ताशी १९० ते २०० किलोमीटरपर्यंत जातो आणि मग वाढायचा थांबतो. हा अंतिम वेग. तिथून पुढे हवा त्याला खालून नेमकी त्याच्या वजनाइतकी रेटत असते. गादीवर पडून राहिल्यावर गादी रेटते तेवढीच. म्हणूनच उड्या मारणारे सांगतात की पडतोय असं वाटतच नाही, वाऱ्यावर पालथं निजल्यासारखं वाटतं. जाहिरातींत 'वजनरहित अवस्थेचा थरार' असं छापलेलं असतं. तेवढी वजनरहित अवस्था घरी अंथरुणावर फुकट मिळते.

जितक्या उंचावरून पडावं तितकं जोरात आपटावं, ही आपली सगळ्यांची समजूत. पण साधारण साडेचारशे मीटर पडून झालं की हा हिशेब संपतो. माणसाच्या आकाराचा आणि वजनाचा पुतळा एक किलोमीटरवरून टाका की चार, जमिनीवर तो जवळपास सारख्याच वेगाने येतो. मुंबईतले सर्वात उंच टॉवर तीनशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे अंतिम वेग गाठायला तीही उंची अपुरीच.

वेग वाढायचा का थांबतो? संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर खोळंबून उभ्या राहिलेल्या गर्दीत शिरून बघा. सावकाश चाललात तर मिनिटाला समजा दहा जणांना खांदा लागतो. दुप्पट वेगाने निघालात तर मिनिटाला वीस जण भेटतील, आणि प्रत्येकाला बसणारा धक्काही दुप्पट जोराचा असेल. दोन दुणे चार. वेग दुप्पट, विरोध चौपट; वेग तिप्पट, विरोध नऊपट. हवेचे रेणू म्हणजे ही दादरची गर्दी. पडणाऱ्याचं वजन आहे तेवढंच राहतं, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत जातो. कधी ना कधी तो वजनाला गाठणारच. गाठला की निव्वळ बळ शून्य. बळ शून्य म्हणजे वेग थांबला असं नव्हे, वेग बदलायचा थांबला. न्यूटनचा पहिला नियम हाच, आणि दहावीच्या पेपरात निम्मी मुलं इथेच मार खातात.

आता थोडं गणित. कंटाळा असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, त्याला पॅराशूट लागत नाही. हवेचा विरोध म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले आडवं क्षेत्रफळ गुणिले आकारानुसार येणारा एक गुणांक गुणिले वेगाचा वर्ग. याची वजनाशी बरोबरी केली की वेगाचा वर्ग सुटा होतो: दुप्पट वजन भागिले घनता, क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार. सामानासकट ९० किलोचा माणूस घ्या. पोटावर आडवा झाल्यावर क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर, गुणांक ०.९, आणि दोन किलोमीटर उंचीवरच्या हवेची घनता घनमीटरला साधारण एक किलो. भागाकार येतो २८००. त्याचं वर्गमूळ ५३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. कागदावर पाच ओळींत निघालेलं उत्तर आभाळात पडणाऱ्या माणसाशी जुळतं, याचा मला अजूनही आनंद होतो.

या सूत्रात वजन वर बसलंय आणि क्षेत्रफळ खाली, हे लक्षात ठेवा. त्यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो: आकार सारखाच असेल तर जड माणूस हलक्यापेक्षा वेगाने पडतो. 'गॅलिलिओने सांगितलंय सगळं सारखंच पडतं' म्हणून मुलं माझ्याशी वाद घालायची. गॅलिलिओचं बरोबरच आहे, पण हवा नसेल तर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, तेव्हा दोन्ही एकदम खाली आलं. दुबईच्या आकाशात हवा आहे. चार जणांनी हातात हात धरून कडं करायचं ठरवलं की हडकुळा वर राहतो आणि जाडजूड खाली निघून जातो. त्यावर तोडगा म्हणून हडकुळे अंगावर शिशाची वजनं बांधतात आणि जाडे ढगळ कपडे घालतात. आमच्या भाच्याच्या उडीत दोन माणसं एकावर एक बांधलेली. वजन दुप्पट, क्षेत्रफळ जवळपास एकाचंच. वेग दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढला असता. तो वाढू नये म्हणून प्रशिक्षक सुरुवातीलाच एक छोटं पॅराशूट मागे सोडून देतो. व्हिडिओत डोक्यावर फडफडणारा तो 'रुमाल' कसला, असं ताईने विचारलं होतं. तो हा.

नऊवारी नेसून उडी मारली तर क्षेत्रफळाचं काय होईल? हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये खरोखर नऊवारीत उडी मारली. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारलेल्या बाई त्या, त्यांना साडीचं काय! माझा आपला अंदाज असा की पाचवारीपेक्षा नऊवारी बरी. कासोट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात, आणि पाय हलवता आले नाहीत तर हवेत तोल सावरणं कठीण.

मेहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं आहे. पॅराशूट उघडल्यावर कोणीही वर जात नाही. फास्ट लोकलमधून जाताना शेजारच्या रुळावरची स्लो मागे मागे जाताना दिसते. ती चर्चगेटलाच निघालेली असते, उलटी नाही. तसंच व्हिडिओ काढणारा अजून ताशी दोनशेने खाली जात असतो आणि भाच्याचा ब्रेक लागलेला असतो.

या ब्रेकमध्ये एक बारीक करामत आहे. वेग एक दशांश करायचा तर त्या वेगाला नुसत्या अंगाला होतो त्याच्या शंभरपट विरोध लागतो (पुन्हा तोच वर्ग), म्हणून एवढं मोठं कापड. पण तेवढं कापड क्षणार्धात फुगलं तर झटक्याने कापड फाटेल, नाहीतर माणूस. म्हणून पॅराशूटच्या दोऱ्या एका छोट्या चौकोनी कापडाच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून ओवलेल्या असतात. त्याला स्लायडर म्हणतात. पॅराशूट पसरायला बघतं, दोऱ्या फाकायला बघतात, पण वाऱ्याने वर दाबून धरलेला स्लायडर त्यांना फाकू देत नाही. वेग कमी होईल तसा तो हळूहळू खाली सरकतो आणि पॅराशूट दोन-चार सेकंदांत सावकाश उमलतं. ना बॅटरी, ना मोटर. वेग जास्त तर अडवणूक जास्त. स्लायडरचा विचार करताना मला दुधाच्या पातेल्यात टाकलेल्या उलथन्याची आठवण येते. का, ते नीट सांगता येणार नाही.

१७९७ मध्ये पॅरिसवर बलूनमधून पॅराशूटने उतरलेल्या गार्नरँकडे असलं काही नव्हतं. त्याची छत्री घड्याळाच्या लंबकासारखी झोकांड्या खात खाली आली, कारण कोंडलेली हवा कधी या काठाने निसटायची, कधी त्या. पुढे छत्रीच्या माथ्यालाच भोक ठेवायला लागले. जीव वाचवणाऱ्या कापडाला मुद्दाम भोक पाडायचं, हे पहिल्यांदा सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असणार.

ताईसाठी: श्वास कोंडत नाही. वाऱ्याने गाल लोंबतात, फोटो भयाण येतात, श्वास चालू राहतो. माउंट मेरीच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, तोसुद्धा इथे फारसा येत नाही. विमान आधीच ताशी दीडशेच्या आसपास पुढे जात असतं, त्यामुळे बाहेर पडल्या क्षणापासून वारा अंगावर असतोच; तो फक्त समोरून येता येता हळूहळू खालून येऊ लागतो.

आणि आत्यासाठी: अमावास्येचा आणि हवेच्या घनतेचा संबंध नाही. प्रशिक्षकाच्या पाठीवरच्या पिशवीला कोणी लिंबू-मिरची बांधली नव्हती. तिच्यात दुसरं, राखीव पॅराशूट होतं, आणि हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र. ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरही माणूस वेगातच पडतोय असं दिसलं, तर ते यंत्र राखीव पॅराशूट बांधून ठेवणारा दोरा स्वतःच कापतं. माणूस बेशुद्ध असला तरी. तिथी बघत नाही.

सूत्रात घनता खाली आहे, म्हणजे हवा विरळ तर वेग जास्त. १४ ऑक्टोबर २०१२ ला फेलिक्स बॉमगार्टनरने सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. तिथली घनता जमिनीजवळच्या हवेच्या एक टक्काही नसते. त्याचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत गेला, आवाजाच्या सव्वापट. पुढचा भाग बातम्यांत फारसा आला नाही: पॅराशूट उघडायच्या कितीतरी आधी त्याचा वेग आपोआप उतरत गेला. खाली दाट हवा भेटली. गर्दी वाढत गेली, दादर जवळ आलं.

आता पाऊस. हे सगळं शिकायला दुबईला जायची गरज नाही, जुलैत खिडकीत उभं राहिलं तरी पुरे. ढगातून निघालेला प्रत्येक थेंब स्कायडायव्हर आहे. वजन लांबीच्या घनाने वाढतं आणि क्षेत्रफळ वर्गाने, म्हणून छोटा थेंब सावकाश येतो: एक मिलिमीटरचा सेकंदाला चार मीटर, पाच मिलिमीटरचा नऊ. त्याहून वेगाने जवळपास कुठलाच थेंब पडत नाही. हवा नसती तर दोन किलोमीटर उंचीवरून सुटलेला थेंब ताशी सातशे किलोमीटरने आला असता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी या वेगाने पडलं असतं तर पत्र्याची एकही शेड शिल्लक राहिली नसती.

चित्रांत काढतात तसा, वर टोक असलेला थेंब पावसात नसतो. छोटे थेंब गोल असतात. मोठ्यांना खालून हवेचा रेटा बसतो आणि ते वडापावातल्या पावासारखे होतात, खालून सपाट, वरून फुगीर. आणखी मोठा झाला की त्याचा तळ आत जातो, मधलं पाणी पातळ पिशवीसारखं वर फुगतं, कडेला जाड पाण्याचं कडं राहतं. हुबेहूब पॅराशूट. क्षणभर ते तरंगतं आणि फुटून त्याचे बारीक थेंब होतात. म्हणून टपोऱ्या थेंबांनाही मर्यादा आहे, लिंबाएवढा थेंब कधी अंगावर पडत नाही. नारळाचं तसं नाही. वीस मीटरच्या माडावरून सुटलेला नारळ ताशी सत्तरने येतो, आणि एवढ्याशा अंतरात हवा त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही. गच्चीवरून पडलेल्या नाण्याने माणूस मरतो ही थाप आहे, नाणं गिरक्या खात येतं. माडाखाली मात्र उभे राहू नका.

हे मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. भाच्याने विचारलं, मामा, मग पावसात उडी मारली तर? मी लिहिलं, तू सेकंदाला ५३ मीटर, थेंब ९ मीटर. तूच थेंबांना मागे टाकत जाशील. म्हणजे तुझ्यासाठी पाऊस खालून वर येईल, ताशी दीडशेच्या वर, तोंडावर खडी मारल्यासारखा.

पहिलं उत्तर आत्याचं आलं. "म्हणजे छत्री पायाखाली धरायची होय रे?"